परतीचे दोर कधी कापायचे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, पालक व विद्यार्थ्यांसाठीच्या सत्रात केलेलं भाषण)



मुलांनो, आधी जरा सैल बसा. हे भाषण आहे, परेड नाही.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "एनडीएत निवड झाल्यावरसुद्धा दुसऱ्या कॉलेजची सोय ठेवावी का, यावर बोलतो." फोनवर थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "अरे, मेळाव्याच्या दिवशी असलं अशुभ कशाला?" मी तिथेच ठरवलं, की आता याच विषयावर बोलायचं. कारण 'अशुभ' हा शब्द मी गेली कितीतरी वर्षं पालकांच्या तोंडून ऐकतो आहे, आणि त्या शब्दापायी मुलांची वर्षं वाया गेलेली पाहतो आहे.

ज्यांना मी आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्यातले कित्येक जण खडकवासल्याला गेले, मी गेलो नाही. लेखी परीक्षा पास झालो, एसएसबीचे पाच दिवस काढले, शेवटी नंबर पुकारले गेले त्यात माझा चेस्ट नंबर नव्हता. मग सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि त्याच गावात तीस वर्षं शिकवलं. त्यामुळे दर जून-जुलैत घरचा फोन वाजतो. साताऱ्याहून, कराडहून, विट्याहून, तासगावहून. प्रश्न एकच. "सर, पोराचं एनडीएचं झाल्यात जमा आहे. आता कॉलेजला प्रवेश घ्यायचा का?"

या 'झाल्यात जमा'मध्येच सगळी गोम आहे. म्हणून आधी हिशोब मांडू.

एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० असे ९०० गुण. एसएसबीचे आणखी ९००. लाखोंच्या घरात मुलं बसतात, आणि एका कोर्सला जागा साधारण ४००. एसएसबीत शिफारस झाली की घरी पेढे येतात. पण शिफारस म्हणजे निवड नव्हे. पुढे लष्करी रुग्णालयातली वैद्यकीय तपासणी असते. तीत पास झाल्यावर १८०० पैकी गुणांची यादी लागते. शिफारस झाली, तपासणीत पास झाला, तरी यादीत खाली राहिल्यामुळे ज्याला जाता आलं नाही, अशी मुलं दर वर्षी असतात. आणि यादीत नाव आल्यावरही, रुजू होण्याचं पत्र हातात पडून मुलगा अकादमीच्या फाटकातून आत जाईपर्यंत मध्ये काही आठवडे असतात. तेवढ्यात टायफॉइड होतो, मोटारसायकलवरून पडून हात मोडतो.

आता दुसऱ्या बाजूचं कॅलेंडर बघा. बारावीच्या वर्षी सप्टेंबरची लेखी परीक्षा दिली तर कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो. पण एमएचटी-सीईटीचा अर्ज भरायची मुदत अंतिम यादी लागण्याआधीच संपलेली असते. म्हणजे 'यादी बघू आणि मग ठरवू' म्हणणाऱ्याला ठरवायला काही शिल्लकच राहत नाही. एप्रिलची लेखी परीक्षा दिली तर कोर्स जानेवारीत. मधल्या काळात इकडे प्रवेशफेऱ्या होऊन कॉलेजं सुरू झालेली असतात. तो मुलगा ऑगस्ट ते डिसेंबर कुठे बसणार? घरी बसून व्हॉट्सअॅपवर यादीच्या अफवा वाचणार?

तासगाव भागातल्या एका घराची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वडिलांची द्राक्षबाग, मुलगा हुशार, एसएसबीतून शिफारस झालेला. त्याच आठवड्यात गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. पोराचा फोटो, मागे रणगाडा, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे. सीईटीला मुलगा बसलाच नव्हता, कारण घरात ठरलं होतं, 'दोन डगरींवर पाय नको.' पुढे वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला. अपील केलं, तिथेही तेच. फ्लेक्स मात्र पावसाळाभर स्टँडवर होता. तो उतरवायला कोण सांगणार? मुलगा गावच्या स्टँडवर एसटीतून उतरायचाच नाही. आधीच्या फाट्यावर उतरून बागेतून घरी चालत यायचा. वर्ष तर गेलंच, पण त्याहून जास्त काय गेलं ते त्या चालण्यात दिसतं.

त्या वडिलांची माया कमी होती का? मुळीच नाही. त्यांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट खरी मानली, इतकंच. परतीचे दोर कापायचे, म्हणजे माणूस पुढेच जातो.

या गोष्टीचा दाखला कुठला? सिंहगडाचा. अकादमीतून समोर दिसतो तोच सिंहगड. १६७० साली तानाजी मालुसरे पडले, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजींनी दोर कापले, अशी आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण मित्रांनो, ती नीट आठवा. दोर कापले तेव्हा मावळे कुठे होते? गडावर होते. कडा चढून गेलेले होते, हातात तलवारी होत्या, लढाई जुंपलेली होती. कड्याच्या पायथ्याशी उभे असताना कुणी दोर कापले नाहीत. तेव्हा कापले असते तर वर कोण गेलं असतं? आपला मुलगा शिफारस हातात घेऊन वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभा असतो, तेव्हा तो पायथ्याशी असतो. तिथे दोर कापणं म्हणजे शौर्य नव्हे.

आणि फौजेला हे पालकांपेक्षा जास्त कळतं. एसएसबीच्या मुलाखतीत मुलांना हमखास विचारलं जातं, "निवड झाली नाही तर काय करशील?" "झालीच पाहिजे, सर," हे उत्तर ऐकायला तो अधिकारी बसलेला नसतो. या मुलाने आपल्या आयुष्याचा विचार केलाय का, हे त्याला पाहायचं असतं. इथे समोर बसलेले आपले कर्नल, कमांडर मंडळी माना डोलावताहेत. तुम्हीच सांगा, पर्यायी योजना नसलेला आराखडा तुमच्या वरिष्ठांनी कधी मंजूर केला होता का?

बाहेर देशांतही हेच आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंट किंवा अॅनापोलिसला जागा मिळून ती स्वीकारलेली मुलंसुद्धा एखाद्या नागरी विद्यापीठात अनामत भरून जागा राखतात. वसंत ऋतूत होकार द्यायचा आणि उन्हाळ्यात रुजू व्हायचं, मधल्या दिवसांत खेळताना पाय मोडला तर काय, हा साधा व्यवहार. तिथे याला कुणी अशुभ म्हणत नाही.

आता व्यवहाराचं बोलतो. वहीत लिहून घ्या म्हटलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, सीईटी द्यायचीच. तिचे गुण त्या एका वर्षापुरतेच चालतात, पुढच्या वर्षी ते कामाला येत नाहीत.

दुसरी, दुसरं कॉलेज निवडताना 'तात्पुरतं कुठलंही' म्हणू नका. जिथे चार वर्षं आनंदाने काढता येतील तेच निवडा, कारण कदाचित तिथेच काढावी लागतील. आपल्या भागाला या बाबतीत काही कमी नाही. सांगलीत १९१९ पासूनचं विलिंग्डन आहे, १९४७ पासूनचं वालचंद आहे. साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी १९४७ साली सुरू केलेलं छत्रपती शिवाजी कॉलेज आहे, जिथे कमवा आणि शिका योजनेत राबून कितीतरी घरांतली पहिली पदवी आली. यांतलं काहीही कुणाच्या आयुष्यातलं दुय्यम कॉलेज म्हणावं असं नाही.

तिसरी, पैशाचं. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते याच्या पायऱ्या यूजीसीने २०१८ साली घालून दिल्या. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी कळवलं तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता सगळी, मग ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच नाही. त्या त्या वर्षीची सूचना आपण वाचायचीच. पण डिसेंबरअखेर खडकवासल्याला निघणाऱ्या मुलाची त्या वर्षाची फी परत येणार नाही, असं धरून चाला. हा खर्च झेपत नसेल तर अनुदानित कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घ्या. तिथली फी बरीच कमी असते. मग एनडीए हुकली आणि इंजिनिअरिंगच हवं असेल तर पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी लागेल, हेही मुलाला आधीच सांगा. दोन्हीची किंमत आहे. एक पैशात मोजायची, दुसरी वर्षात.

चौथी, कागद. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो आणि नेमका घाईच्या वेळी तो मिळत नाही. एका मुलाचा दाखला निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मिळालेला मी पाहिला आहे. प्रवेश घेतानाच कार्यालयाला लेखी कळवा, की मुलगा एनडीएच्या यादीची वाट पाहतो आहे. साक्षांकित प्रतींचे चार संच घरात ठेवा.

पाचवी गोष्ट थोडी कडू आहे. आपला मुलगा डिसेंबरात जागा सोडून गेला की पहिल्या वर्षाची ती जागा त्या वर्षी रिकामीच राहते. पुढे डिप्लोमाच्या मुलाला ती थेट दुसऱ्या वर्षात मिळू शकते, पण जुलैत एका गुणाने हुकलेल्या मुलाला ती मिळत नाही. म्हणून जागा एकच घ्या. इंजिनिअरिंगची एक, फार्मसीची एक, आणखी कुठली एक, असं अडवून ठेवू नका. आणि जायचं नक्की झालं की त्याच दिवशी कॉलेजला कळवा.

दुसरी वाट धरली म्हणजे वर्दीची वाट बंद झाली, असंही नाही. पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलासाठी एएफकॅट आहे, इंजिनिअरांसाठी तांत्रिक शाखेतली भरती आहे, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर विशेष प्रवेश आहे. म्हणून कॉलेज निवडताना तिथे एनसीसी आहे का हेही बघा. आपल्या शाळेचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून प्रशिक्षण घेऊन २०१७ साली लेफ्टनंट झाल्या. फौजेला दारं अनेक आहेत. सतराव्या वर्षी एक बंद झालं म्हणून सगळी बंद झाली, असं त्या घरासमोर उभं राहून कोण म्हणेल?

आता सगळ्यात अवघड भाग. फाटकातून आत गेल्यावर काय?

अकादमीत तीन वर्षं, सहा सत्रं. तिथे नापास झालेला मुलगा एक सत्र मागे जातो, हे आपल्याला माहीत आहे. पण प्रशिक्षणात गंभीर दुखापत झाली तर? मुलाला पाठवताना पालकाने एका कागदावर सही केलेली असते, की प्रशिक्षणात इजा झाल्यास सरकारकडे भरपाई मागणार नाही. आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांनी तो कागद वाचून सही केली असेल? दुखापतीमुळे घरी पाठवलेला कॅडेट अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून तो माजी सैनिक धरला गेला नाही. पदवीही हातात आलेली नसते. वृत्तपत्रांनी हा विषय लावून धरला, १९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट आहेत हे छापून आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांच्यासाठी खुली करण्याचा निर्णय सरकारने घेतला. चांगलं झालं. पण औषधोपचार म्हणजे आयुष्य नव्हे. विसाव्या वर्षी काठी घेऊन परत आलेल्या मुलाला शिकायला पुन्हा कुठेतरी जावंच लागतं.

असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. आपल्या शाळेचा नव्हता. चौथ्या सत्रात पाठीला दुखापत झाली आणि तो परत आला. आपल्याहून तीन वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागच्या बाकापर्यंत पायऱ्या होत्या. पहिले दोन महिने कुणाशी बोलला नाही. मग एकदा कार्यशाळेत बाकीची मुलं लेथवर चुकतमाकत काम करत होती, तेव्हा त्याने आपण होऊन चौघांचे गट पाडले, कामं वाटून दिली आणि तासभर आधी सगळं संपवलं. अकादमीत शिकलेलं त्याच्यात होतंच. ते वापरायला त्याला एक जागा हवी होती. तो आज चांगल्या हुद्द्यावर आहे. मी त्याला विचारलं होतं, सावरायला कशाची मदत झाली? तो म्हणाला, "निघताना आई म्हणाली होती, नाही जमलं तर घर इथंच आहे. ते वाक्य मला हॉस्पिटलात आठवलं."

बघा, ना फी, ना कॉलेज, ना सीईटी. खरी पर्यायी योजना त्या माउलीने एका वाक्यात केली होती. बाकीचं सगळं, म्हणजे अर्ज, दाखले, पावत्या, त्या वाक्याला कागदाचा आधार देण्यासाठी आहे.

आता आपल्याबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्या बॅचबद्दल. आपली शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातली पहिली सैनिक शाळा. मुलांना अधिकारी होण्यासाठी तयार करणं हे तिचं काम, आणि ज्यांनी ते साधलं त्यांचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे, मला तर फारच. पण आपल्या ग्रुपवर बढतीच्या बातम्यांना दीडशे अंगठे येतात, आणि कुणी लिहिलं की पोराचं मेडिकल गेलं, तर चार हात जोडलेली चित्रं येऊन पुढे शांतता पसरते. कालपासून मी बघतोय, काही चेहरे आलेले नाहीत. त्यातले दोघे-तिघे कधीच येत नाहीत. ते अकादमीतून परत आले होते. त्यांना कुणी येऊ नको म्हटलेलं नाही. पण 'या' असं फोन उचलून कुणी म्हटलंय का? पुढच्या मेळाव्याआधी प्रत्येकाने असा एक फोन करावा, एवढी माझी विनंती आहे. आपण तसं वागलो, तर समोरच्या या मुलांना परत येण्याची भीती वाटणार नाही. आणि ज्याला परत येण्याची भीती नाही, तो मोकळ्या मनाने जातो.

मुलांनो, शेवटचं तुमच्यासाठी. आता तुमच्यात मुलीही आहेत. अकादमीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, १७ जणी. म्हणजे हे सगळं तुम्हा सगळ्यांना लागू. तुम्ही जीव तोडून तयारी करा. पहाटे पळा, गणितं सोडवा, एसएसबीला ताठ मानेने जा. आणि त्याच महिन्यात सीईटीचा अर्जही भरा. घरी कुणी म्हणालं, 'तुझा स्वतःवर विश्वास नाही का?' तर शांतपणे सांगा, की विश्वास आहे, म्हणूनच दुसऱ्या वाटेचं नाव घ्यायला मी घाबरत नाही. गड चढून गेल्यावर दोर कापायची वेळ येईल तेव्हा तुम्ही कापालच. तोवर ते नीट बांधलेले असू देत.

पालकांनो, पेढे जरूर वाटा. साताऱ्याचे कंदीच वाटा. फ्लेक्स मात्र पासिंग आउट परेडपर्यंत थांबवा.

जय हिंद.